पांझरेकाठचा जुना फड बंधारा : दुरुस्ती कुठून सुरू करावी आणि पाहुण्यांना तो कसा दाखवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर जुना दगडी फड बंधारा आहे. त्याच्या एका टोकाचे दगड निखळलेत, पाट निम्म्याहून जास्त वेड्या बाभळीत हरवलाय, तरी वरच्या अंगाचे काही शेतकरी अजून त्यावर भिजवतात. गावातल्या तरुणांना तो सावरायचा आहे आणि हिवाळ्यात बाहेरच्या लोकांना दाखवायचाही आहे. गावातल्या काहींचे म्हणणे, बंधाऱ्याला सिमेंटचा गिलावा करा, पाट काँक्रीटचा करा, विषय संपवा. तर सुरुवात कुठून करायची?

बंधाऱ्यापासून करू नका. बहुतेक गावे तिथूनच सुरू करतात, कारण फोटो बंधाऱ्याचा निघतो आणि निधीही त्यालाच मिळतो. पण पाटात पाणी जात नसेल, तर दुरुस्त केलेला बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो आणि पुन्हा कोणी त्याच्याकडे बघत नाही. फड बंधारा म्हणजे पाणी साठवायचे धरण नव्हे. नदीची पातळी जरा उचलून पाणी पाटात वळवायचे, एवढेच त्याचे काम. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर असे बंधारे एकाखाली एक आहेत आणि तीन-चारशे वर्षे चाललेत. ते टिकले याचे कारण वरच्या फडात मुरलेले पाणी पाझरून पुन्हा नदीत येते आणि खालच्या बंधाऱ्याला मिळते. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी पाणीवाटपाची रीत, मग पाट, मग बंधारा, आणि शेवटी पाहुणे.

रीत म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी थोडे सांगावे लागेल. बंधाऱ्याखालच्या कायम बागायतीचे साधारण चार तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. एखाद्या फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात हंगामी काही, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक. बहुतेक खातेदारांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, म्हणून फड पडीक ठेवला तर तोटा सगळ्यांना सारखा बसतो. साऱ्या रचनेची मेख हीच आहे. पाटातून चारी (फडाकडे नेणारा फाटा), चारीतून सारंग (शेताकडे नेणारी छोटी सरी), सारंगातून शेतात पाणी, आणि उरलेले सांडमातून, म्हणजे जादा पाण्याच्या निचऱ्यातून, परत नदीला. पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, वर देखरेखीला हवालदार, त्यांच्यावर पंच. पाटकऱ्याला मोबदला बहुतेक धान्यात मिळे, तोही पिकावर. म्हणून शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचण्यात त्याचा स्वतःचा फायदा असे. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, ज्याला त्याला आपापले पीक घेता येऊ लागले, आणि एका फडात एक पीक हा नियम आधी सैल पडला, मग तुटला. मोटारीवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण हा नियम अंशतः तरी परत आणता येतो का, याचे उत्तर दुरुस्तीच्या आधी मिळायला हवे.

त्यासाठी पहिला महिना कुदळीला हात लावू नका, वही घ्या. पाटावर काम केलेली जुनी माणसे, मग ते पाटकरी आबा असोत की राखण केलेली घराणी, त्यांना सोबत घेऊन पाट तोंडापासून शेपटापर्यंत चाला. प्रत्येक चारीचे नाव, ती कोणाच्या बांधावरून जाते, पाणी आधी कुठल्या शेताला आणि मग कुठल्या, रात्रीचे बारे (शेतात पाणी धरण्याचे काम) कोणाकडे, सांडम कुठे सुटतो, हे लिहून काढा. कागदी बाजू भूमी अभिलेख कार्यालयात मिळते: गाव नकाशा आणि गटांचे नकाशे. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना आणि जुने फेरफार तलाठ्याकडे बघा. पाटाची जागा कोणाच्या गटात गेली आहे हे आत्ताच कळले तर बरे, नाहीतर जेसीबी उभा राहिल्यावर भांडण होते. पाटाकाठची झाडे, गवते, मासे, पक्षी यांची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्या. कायद्याने तशी समिती असायला हवी, आणि पुढे पाट बुजवायचा प्रस्ताव आला तर ही नोंद कामी येते.

आता पाणी मोजा. यंत्र लागत नाही. पाटाचा ३० मीटर सरळ आणि सारख्या रुंदीचा तुकडा निवडा, दोन्ही टोकांना दोरी ताणा, वरच्या दोरीपाशी पिकलेले लिंबू पाण्यात सोडा आणि मोबाइलवर वेळ घ्या. पाच वेळा करा, सरासरी काढा. रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, लिंबाला ६० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावते म्हणून ०.८ ने गुणा. १.२ × ०.४ × ०.५ × ०.८ म्हणजे ०.१९ घनमीटर, सेकंदाला साधारण १९० लिटर. हेच मोजमाप अर्धा-पाऊण किलोमीटर खाली पुन्हा घ्या. मधल्या चाऱ्या बंद असताना तिथे १५० भरले, तर ४० लिटर त्या तुकड्यात जातात. गळती कुठे आहे ते असे तुकड्यातुकड्याने शोधायचे. सगळा पाट गळतो ही समजूत बहुतेक वेळा खोटी निघते.

याच आकड्यावरून फडाचा हिशेब बसतो. १९० लिटरने चोवीस तासांत साधारण १६,४०० घनमीटर पाणी येते. गव्हाच्या एका पाळीला, म्हणजे एकदा पाणी द्यायला, ७ सेंटिमीटर धरले तर हेक्टरी ७०० घनमीटर, म्हणजे कागदावर दिवसाला २३ हेक्टर. वाटेत आणि शेतात निम्मे मुरते, म्हणून ११-१२ हेक्टर धरा. भारी काळ्या जमिनीत गव्हाला साधारण वीस दिवसांनी पाळी लागते. त्या मुदतीत २३०-२३५ हेक्टर फिरून होते. फड शंभर-सव्वाशे हेक्टरचे असतील तर यंदा दोनच फड भिजतील, तिसरा मागू नका. आणि रात्रीचे बारे कोणी धरत नसेल तर हा आकडा सरळ निम्म्यावर येतो. दसरा-दिवाळीच्या बैठकीत वाद घालण्याऐवजी हा हिशेब फळ्यावर मांडा. नदीत वर धरण असेल (पांझरेवर लाटीपाडा आहे, खाली अक्कलपाडा) तर आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या, तारखा हिशेबात घ्या. धरण नसताना नदी हळूहळू आटत जाई, आता ती सुटते आणि थांबते.

पाटाची सफाई. वेडी बाभूळ वरून छाटली तर दुप्पट फुटते. मुळाची मान जमिनीखाली वीतभर खणून तिथून तोडावी लागते. मोठी झाडे पाटाच्या भिंतीत असतील तर खोडासकट उपटू नका, भिंत सोबत येते. बेशरम या पाणकाठच्या झुडपाचे तुकडे पाण्यात पडले तर प्रत्येक तुकड्याला मुळे फुटतात, म्हणून उपटलेला माल बांधावर न टाकता कोरड्या माळावर उन्हात वाळवा आणि मग जाळा. करंज, जांभूळ, उंबर, शिंदी, निंब मात्र राहू द्या. त्यांच्या सावलीने पाटातले गवत आपोआप कमी राहते.

गाळ काढताना सर्वांत जास्त नुकसान होते ते खोल खणण्याने. चालकाला सांगितले नाही तर तो मऊ लागते तोवर खणत जातो, पाटाचे तोंड खालच्या भागापेक्षा खोल होते, पाणी तिथे तुंबते आणि शेपटाला पोहोचत नाही. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घ्या आणि दर ५० मीटरवर पातळी बघा. उतार हजाराला एक असेल तर ५० मीटरला ५ सेंटिमीटर पडायला हवेत. जिथे चारीच्या तोंडाचे जुने उंबऱ्याचे दगड आहेत, तिथे मूळ तळ किती होता ते दगडच सांगतात. त्यांच्याखाली जाऊ नका. शक्य असेल तिथे हे काम माणसांनीच करावे, जमिनीच्या प्रमाणात दर खातेदाराने माणसे द्यायची जुनी रीत आहेच. काढलेला गाळ पाटाच्या आतल्या काठावर रचू नका, पहिल्या पाण्यात तो परत आत येतो. शेतात पसरा.

घुशी, उंदीर आणि खेकड्यांची बिळे हे फुटीचे नेहमीचे कारण. बाहेरून दगड-माती कोंबली की बीळ दिसेनासे होते, पाणी मात्र आतून वाहत राहते, आणि ऐन पाळीत बांध बसतो. बीळ शेवटपर्यंत उकरून मोकळे करा आणि ओल्या मातीने वीतभराचे थर ठोकत भरा. निव्वळ काळी माती वापरू नका, सुकली की तिला भेगा पडतात. दोन भाग काळीत एक भाग मुरूम मिसळा.

आता काँक्रीट. मोजमापात जो शे-दोनशे मीटरचा तुकडा फार गळतो, ओढ्यावरून पाट नेणारा दगडी ओलांडा जिथे पाझरतो, तिथे पक्के काम करायला हरकत नाही. सगळा पाट पक्का करणे हा मात्र आमच्या मते तोट्याचा सौदा आहे. पाटातून मुरणाऱ्या पाण्यावर काठच्या विहिरी चालतात, झाडे जगतात आणि खालच्या बंधाऱ्याला पाझर मिळतो. ते पाणी वाया जात नाही, फक्त आपल्या नजरेआड जाते. शिवाय काळ्या जमिनीत पातळ काँक्रीट टिकत नाही: माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तळाला भेगा पडतात, पाणी खालून माती नेते आणि पापुद्रा पोकळ होऊन बसतो. मातीचा पाट गावकरी फावड्याने दुरुस्त करतात. फुटलेल्या काँक्रीटला टेंडर लागते, ते निघेपर्यंत हंगाम गेलेला असतो.

बंधाऱ्याकडे येताना आधी त्याच्या खालच्या अंगाला उतरा. पाणी पडते तिथे पायाशी खड्डा झालाय का, पायाचे जे दगड पूर्वी वाळूत होते ते आता उघडे दिसतात का, हे बघा. दिसत असतील तर कारण बंधाऱ्यात नाही, नदीत आहे. खाली वाळूचा उपसा झाला की नदीचा तळ खचतो आणि ती खच वरच्या दिशेने चालत येते. वरच्या धरणातून सुटणारे पाणी गाळ मागे सोडून आलेले असते, तेही तळ खरवडते. अशा वेळी वरचे दगड कितीही नीट बसवा, पाया पोकळ राहणार. बंधाऱ्याखालच्या पट्ट्यात वाळू उचलायला ग्रामसभेचा विरोध ठरावात नोंदवून तो महसूल खात्याला द्या, आणि खड्डा मोठ्या, कोनाकोनाच्या, दोन-तीन माणसांनी उचलावे लागतील अशा दगडांनी एकमेकांत अडकवून भरा. गोटे किंवा खडी टाकली तर पहिल्या पुरात जातात.

भिंतीचे दगड लोखंडी सळईने हलके ठोकत जा. घट्ट दगड खणखणतो, आतून पोकळ असलेला बद्द वाजतो. बद्द जागा खडूने खुणवा आणि फोटो काढा. दगड सुटे झाले असतील तर काढण्याआधी त्यांना क्रमांक घाला. जुना बंधारा खडकाच्या माथ्यावरून वाकडातिकडा गेलेला असतो, तो सरळ करायचा मोह टाळा. ती वळणे खडक बघून घेतलेली आहेत.

दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला सिमेंट नको. ते चुन्यापेक्षा कडक असते आणि ओल बाहेर सोडत नाही. पाणी मागे अडकून जुना चुना धुतला जातो, आणि काही वर्षांनी सिमेंटची पट्टी तेवढी उभी, मागे पोकळी, असा प्रकार दिसतो. सांध्याची रुंदी २० मिलिमीटर असेल तर निदान ४० मिलिमीटर आतपर्यंत सुटा माल छिन्नीने काढा, पाण्याने धुवा, ओल राहू द्या. मसाला: एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग स्वच्छ धारदार वाळू. बंधाऱ्याला सुरखी हवीच, कारण साधा चुना हवेने घट्ट होतो आणि कायम ओल्या जागी मऊच राहतो. सुरखीमुळे तो ओलीतही बसतो. सुरखी कमी भाजलेल्या लाल विटेची आणि मैद्यासारखी बारीक करा. जास्त भाजलेली काळपट वीट निरुपयोगी.

चुना विरवताना चुन्याची कळी (न विरवलेला चुना) पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचे नाही. उसळून डोळ्यात जाते. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. विरल्यावर गाळून खड्ड्यात ठेवा, वर सतत चार बोटे पाणी असावे, निदान पंधरा दिवस, महिनाभर मिळाला तर उत्तम. चुन्यात गूळ, बेल, हिरडा मिसळायच्या पाककृतींच्या मागे लागू नका. प्रमाण चुकले तर मसाला बिघडतो, आणि नीट मुरलेल्या चुन्याला त्यांची गरज पडत नाही. रुंद सांध्यात दगडाच्या कपच्या ठोकून मगच मसाला भरा, नाहीतर तो आकसून सुटतो.

वेळ नेमकी साधावी लागते. पाणी उतरल्यावर, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करून मार्चच्या मध्यात हात काढा. एप्रिल-मेचे खानदेशी ऊन लागले की मसाला मुरण्याआधीच वाळतो आणि नखाने भुकटी होते. उलट उशीर झाला तर जूनच्या पुराआधी तो पुरेसा कडक होत नाही. काम सकाळी करा, ओल्या गोणपाटाने झाका, दोन आठवडे दिवसातून तीन-चारदा पाणी मारा. मार्चपासून टिटव्या नदीच्या गोट्यांत अंडी घालतात, माल वाहायची वाट एकच ठेवा.

भिंतीत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर ओढू नका. बुंध्याशी कापा, फुटवे दर महिन्याला खुडा, मुळी मेल्यावर तिची पोकळी पातळ चुन्याच्या लगद्याने भरा. आणि हे सगळे करण्याआधी बंधारा कोणाच्या ताब्यात आहे, जलसंपदा विभागाच्या की जिल्हा परिषदेच्या, ते विचारून लेखी परवानगी घ्या. पाणीवापर संस्था करायची असेल तर २००५ चा सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा कायदा आहे. तिच्या पोटनियमांत फडाचे जुने नियम बसवता येतात का, ते जाणकाराकडून बघून घ्या.

गावठाणाबद्दल दोनच गोष्टी. गढीची, म्हणजे गावातल्या जुन्या वस्तीच्या टेकाडाची, पांढरी माती खत म्हणून शेतात किंवा धाब्यावर (घराच्या मातीच्या सपाट छपरावर) टाकायला नेणे थांबवा. तापी खोऱ्यातल्या प्रकाशे, गिरणेकाठच्या बहाळ आणि तुमच्याच तालुक्यातल्या कवठे इथे अशाच पांढरीत ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली आहे. तुमच्या गढीखाली काय आहे ते खणल्याशिवाय कळणार नाही आणि उपसल्यावर उरणार नाही. दुसरे, धाब्याची घरे. दर उन्हाळ्यात वर नवा थर टाकताना जुना खरवडत नाहीत, म्हणून खांब-कड्या वाकतात. १० सेंटिमीटर ओल्या मातीचे वजन चौरस मीटरला १७० किलोच्या आसपास भरते. आधी खरवडा, पन्हाळीकडे उतार द्या, मग थर टाका. मातीखाली प्लास्टिक घालू नका, लाकडाला घाम सुटून ते कुजते.

पाहुणे बोलवायचे ते ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. त्यांना बंधाऱ्यावर नेऊन परत आणू नका, पाण्याबरोबर चालवा: सकाळी बंधारा, मग पाटाच्या काठाने चारी, सारंग, फड, शेवटी सांडम नदीला मिळतो तिथे. चार-पाच किलोमीटरला रमतगमत तीन तास लागतात. एका वाटाड्यामागे बारा-पंधरा माणसे पुरे. त्याहून जास्त झाली की मागच्यांना ऐकू येत नाही आणि ती पिकात शिरतात. ओल्या काठावरून चालू देऊ नका, कडा ढासळते. ज्या चारीला त्या दिवशी पाळी आहे तिचा रस्ता टाळा. बंधाऱ्याच्या माथ्यावर शेवाळ असते, तिथे फोटोसाठीही कोणाला चढवू नका, आणि धरणातून पाणी सुटणार नाही याची आदल्या दिवशी पाटबंधारे शाखेत खात्री करा. पाहुण्यांनाही लिंबू सोडून पाणी मोजायला लावा. लहान मुले त्यातच अर्धा तास रमतात.

जेवण फडातलेच असू द्या: कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) किंवा दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, जानेवारीत मिळाला तर हुरडा. शेवभाजी रस्त्याकाठच्या ढाब्यावर रोज मिळते. दिवस उरला तर बळसाण्याची जुनी मंदिरे याच तालुक्यात आहेत, आणि धुळ्याकडे परतणाऱ्यांना राजवाडे संशोधन मंडळाचे संग्रहालय किंवा लळिंगचा किल्ला सांगा. माणशी जी रक्कम घ्याल तिचे तीन वाटे आधीच ठरवून फळ्यावर लावा: स्वयंपाक करणाऱ्या घराला, वाटाड्याला, आणि पाटाच्या खात्याला. पाटकऱ्याचा मोबदला त्या तिसऱ्या वाट्यातून, पाळी पूर्ण झाल्यावर आणि शेपटाच्या शेतकऱ्याची सही घेऊन द्या.